पाठमोरी माणसं

२ फेब्रुवारी

ताई, फिरायला नाही आलेय मी.

आईला हे सांगायची तुला काय गरज होती? 'फिरायला गेलीय, महिन्याभरात परत येईल, गोष्टी अर्धवट टाकण्यात तिचा हात कोण धरणार.' आईनं हे सगळं तुझ्या आवाजाची नक्कल करून, रेकॉर्ड करून मला पाठवलंय. नक्कल झकास झालीय. तुझं ते नाकातून सोडलेलं 'हं' पण घातलंय तिनं. तू माझ्याशी बोलत नाहीस, ठीक आहे. पण मग माझ्याबद्दलही बोलू नकोस ना. अबोला धरायचा तर पूर्ण धर, असा फटीफटीतून गळणारा नको.

वर डोंगरात फोन लागत नाही, आईचं रेकॉर्डिंगही खाली गावात उतरले तेव्हा मिळालं, म्हणून कागद. आमच्या तुकडीत एक निवृत्त पोस्टमन आहे, माझ्यासारखाच दुसऱ्या देशातून स्वयंसेवक म्हणून आलेला. तो आठवड्यातून एकदा खाली गावात जातो. त्यानं पाकिटावरचा तुझा पत्ता वाचला आणि विचारलं, "कितवा मजला?" म्हटलं तिसरा. "लिफ्ट?" नाही. मग त्यानं पाकीट हातात तोलून बघितलं. आपल्या पोस्टमनसाठी त्याच्या पोटात तुटलं असणार.

आता काम काय आहे ते ऐक, म्हणजे पुढच्या वेळी आईला नीट सांगशील. एका कंपनीला इथल्या मूळ रहिवाशांच्या टेकडीत खाण काढायची आहे. कायदा सांगतो, त्यांची संमती असेल तरच कुदळ लावायची. तर गेल्या वर्षी विरोधात बोलणाऱ्यांच्या घरांवर रात्री दगड पडले, एकाचा हात मोडला. तेव्हापासून इथं परदेशी माणसं ठेवतात. आम्ही भगवं जाकीट घालतो, रस्ता खोदणारे घालतात तसं, आणि दिसत राहतो. बस. बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, सभा संपेपर्यंत खोली सोडायची नाही. पाहुणे घरात असले की बाबा आवाज चढवायचे नाहीत, आठवतंय? तेच. मी इथली पाहुणी आहे. मी असले की लोक दगड खाली ठेवतात.

'तिकडच्यांचे हक्क सांभाळायला चाललीस, इथं आईचे गुडघे कोण सांभाळणार' हे तुझं वाक्य मी विसरलेले नाही. आईला विचार गुडघे कसे आहेत. मला म्हणाली बरे आहेत. मला बरे म्हणते आणि तुला दुखतायत म्हणते, तिचं ती बघून घेईल.

(इथं एक ओळ होती, मी खोडलीय. उजेडासमोर धरून वाचू नकोस, मी तुला ओळखते. जिन्याबद्दल होती.)


१९ फेब्रुवारी

ताई, आज मी सभा वाचवली.

पहिली सुनावणी होती. कायद्यानं दोन घ्याव्या लागतात, आणि दोन्हींत लोकांची संमती लागते. सभाघर म्हणजे एक लांबलचक खोली, पत्र्याचं छप्पर, लाकडी जमीन, भिंतीला लागून बाकं. मधोमध खाणवाल्यांनी आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांवर कोणी बसत नाही, त्यामुळे खोली मुलाकडचे न आलेल्या लग्नासारखी दिसत होती. सुनावणी घेणारा अधिकारी असा, की त्याच्या पँटची इस्त्री बघून कागद कापता यावा. तो वाचत होता. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचतात ना, कोणी ऐकत नाही याची खात्री असल्यासारखं, अगदी तस्सं.

माझ्याशेजारी दुभाषी बसली होती. ती एरवी शिंपीण आहे, गावात तिचं दुकान आहे. ती कानात सांगत होती: हॉस्पिटल बांधू, रस्ता करू, नोकऱ्या देऊ. आणि मध्येच एक म्हातारी उठली. तिला सगळे ज्या शब्दानं हाक मारतात त्याचा अर्थ बापाची बहीण, असं शिंपिणीनं मला आधीच सांगितलं होतं, म्हणून मी तिला आत्या म्हणते. आत्या उठली आणि काही न बोलता बाहेर गेली. तिच्यामागून बाकीचे. सगळे बाहेर जाऊन टेकडीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून मातीत बसले. अधिकारी वाचतच होता. खुर्च्यांना.

मला वाटलं, कंटाळले. साहजिक आहे, मीही कंटाळले होते. पण ते बाहेर आणि इकडे यांचं सगळं ठरून गेलं तर? मग मी उठले. पोस्टमननं जाकिटाची कड धरली, ती सोडवून घेतली. बाहेर गेले आणि म्हटलं आता आईसारखा आग्रह करू, 'असं कसं, चला बरं आत, थोडा वेळ तरी.' तोंड उघडलं तर लक्षात आलं, यांच्या भाषेत माझ्याकडे 'पाणी', 'बरं आहे' आणि 'कुत्रा चावतो का' एवढंच आहे. मग नुसती आत्याच्या शेजारी बसले. टेकडीकडे बघत, गप्प. तू म्हणशील मी आणि गप्प. हो.

बऱ्याच वेळानं आत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याचा आधार घेऊन उठली आणि आत गेली. सगळे तिच्यामागून. शेवटपर्यंत बसले. अधिकाऱ्यानं विचारलं, कोणाचा आक्षेप? कोणी काही बोललं नाही, शांततेत सभा संपली. जाताना त्यानं माझे खास आभार मानले.

पोस्टमन मात्र फुगलाय. "खोली सोडायची नाही असा नियम आहे." म्हटलं, माणसं परत आणली ना? म्हणाला, "तेच मला कळत नाहीये, ती का आली."

त्याला म्हटलं, माझा स्वभाव. आता बोल, अर्धवट सोडणारी कोण?


२३ फेब्रुवारी

मागचं पत्र फाडून टाक. आईला वाचून दाखवलं असशील तर तिला सांग, त्यातलं काही खरं नाही.


२४ फेब्रुवारी

काल धड लिहिता येईना. आज लिहिते.

शिंपिणीच्या दुकानात गेले होते, जाकिटाची चेन बिघडलीय म्हणून. आत्या तिथंच बसली होती, काजं करायला मदत करत. मी म्हटलं, सभा छान झाली. शिंपिणीनं मशीन थांबवलं.

"छान?" म्हणाली. "तू आमचं 'नाही' परत घेऊन आलीस."

ताई, इथं घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. आपली आई वर्गणीवाल्यांना 'बघू' म्हणते ना, तेवढंसुद्धा नाही. नाही म्हणायचं असेल तर उठायचं, बाहेर जायचं, पाठ करून बसायचं. ते झालं 'नाही'. पुरेपूर, ठणठणीत. आणि ज्याला ते मान्य नसेल त्यानं मागून यायचं, शेजारी मातीत बसायचं आणि गप्प राहायचं. समजावायचं नाही, हात ओढायचा नाही. तो असा बसला तर मग त्याचा मान ठेवायचा, आत जायचं. आणि ज्यानं आत आणलं तो स्वतः उठून जात नाही तोवर त्या विषयावर पुन्हा उठायचं नाही.

"अहो पण मला कुठे माहीत होतं," मी म्हटलं.

शिंपिणीनं ते आत्याला सांगितलं. आत्या पोट धरून हसली. मग जे म्हणाली ते शिंपिणीनं मला जसंच्या तसं दिलं: "बाहेरचा माणूस येतो तो बडबडत येतो. ही आली, बसली, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं काय वळण लावलंय पोरीला घरच्यांनी. आता कळतंय, हिला बोलताच येत नव्हतं."

मी म्हटलं, दुसऱ्या सुनावणीत उठा ना मग. तर नाही. त्यांच्या लेखी दुसरी सुनावणी ही तीच बैठक आहे, मध्ये जेवायला उठले होते इतकंच. ते आत येणार आणि मान खाली घालून बसणार. अधिकारी विचारणार, आक्षेप? आणि टेकडी जाणार. गेल्या वर्षी दगड खाऊन, हात मोडून घेऊन त्यांनी जे 'नाही' टिकवलं ते मी मातीत बसून पुसलं. आत्याचा नवरा त्या टेकडीवर पुरलाय, ताई. तिचे दोन मुलगेही. रोज सकाळी ती दारात उभी राहून तिकडे बघून काहीतरी पुटपुटते. मला वाटायचं हवामान बघते.

दुकानातूनच आमच्या मुख्य कार्यालयाला फोन लावला. उत्तर आलं, आपण निरीक्षक आहोत, अर्थ लावणं आपलं काम नाही. वाक्य किती स्वच्छ आहे ना. त्यावरून हात फिरवला तर धूळ लागायची नाही.

निघताना आत्यानं विचारलं, तुमच्याकडे रुसलेलं माणूस काय करतं? मी म्हटलं, माझी बहीण मी निघाले त्या दुपारी जिन्यात जाऊन बसली होती, दाराकडे पाठ करून, बरोबर वाटेत.

"मग तू किती वेळ बसलीस?"

बसले नाही, म्हटलं. गाडी खाली थांबली होती. बॅग तिच्या डोक्यावरून पलीकडे नेली आणि उतरले.

आत्यानं सुई खाली ठेवली. तिला ते अजिबात झेपलं नाही. म्हणाली, "म्हणजे ती अजून तिथंच बसली असेल."


१० मार्च

परवा दुसरी सुनावणी.

उपाय एकच आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे, पण मला कोणी सांगत नाहीये. आत्या तर मुळीच नाही. शिंपिणीला विचारलं तर ती म्हणाली, "तू पाहुणी आहेस, पाहुण्याला ऊठ कसं म्हणणार?" आणि दोरा तोडून पुढच्या शिवणीला लागली. ज्यानं आत आणलं त्यानं उठायचं. म्हणजे मी.

पोस्टमनशी भांडण झालं. चांगला माणूस आहे, पण नियम त्याच्या पोटऱ्यांत गेलेत. मी म्हटलं, मागच्या वेळी पण उठले होते, तेव्हा तुम्ही कुठे कळवलंत?

"पहिल्यांदा उठलीस ती गफलत," म्हणाला. "आता सगळं कळून उठलीस तर ते मत. निरीक्षकाला मत नसतं. मला कळवावं लागेल आणि ते तुला घरी पाठवतील."

"मग कळवा."

"कळवीनच. पण मला आवडणार नाही."

घरी पाठवणं म्हणजे काय ते तुला कळतंय ना? म्हणजे तुझंच खरं. अर्धवट टाकून आली. त्या नाकातल्या 'हं'सकट. मी इथं अंथरुणावर पडून तुझं ते 'हं' ऐकतेय, आणि खरं सांगू का, टेकडी जाईल याच्याइतकीच मला त्याची भीती वाटतेय. असं वाटायला नको. पण वाटतंय.

आणि दुसरी भीती, मी उठले आणि कोणीच मागून आलं नाही तर? मग नियमही मोडला, टेकडीही गेली, आणि मी एकटी भगव्या जाकिटात बाहेर मातीत. खाणवाले फोटो काढतील.

आईला यातलं काही सांगू नकोस. हवामान चांगलं आहे म्हण.


१३ मार्च

ताई, झालं. आधी तेच लिहिते म्हणजे तुला शेवटाकडे उडी मारावी लागणार नाही. टेकडी राहिली.

आता सावकाश सांगते.

सगळे आले, बाकांवर बसले, माना खाली. अधिकारी वाचायला लागला. तेच हॉस्पिटल, तोच रस्ता. माझ्या पायांत मुंग्या आल्या होत्या. मी आत्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम. पोस्टमन समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि त्यानं आपले दोन्ही हात मांडीखाली घालून घेतले होते. मागच्या वेळी त्यानं माझं जाकीट धरलं होतं, या वेळी त्यानं स्वतःचे हात धरून ठेवले. एवढं मला पुरलं.

उठले. लाकडी जमीन इतकी वाजते हे मला तोवर माहीत नव्हतं. बाहेर गेले, टेकडीकडे तोंड करून बसले.

पाठ केली की मागे बघायचं नसतं. त्यामुळे पुढचं मी काही बघितलेलं नाही, सगळं पाठीनं ऐकलंय. आधी नुसता अधिकाऱ्याचा आवाज. वाचतोय, वाचतोय. मला वाटलं, संपलं. एक कुत्रा आला, माझ्याकडे बघून बसला. 'चावतो का' हे विचारायला येत होतं, पण विचारणार कोणाला?

मग एक बाक करकरला. मग एक पाऊल, ओढत टाकलेलं, आत्याचं. मग किती तरी. पोरंसोरं, म्हातारे, काठ्या, खोकले. आत्या माझ्या शेजारी बसली तेव्हा तिचे गुडघे कडकडले, हुबेहूब आईसारखे. मला तिथं रडू आलं, टेकडीमुळे नाही, त्या आवाजानं.

आत अधिकाऱ्याचा आवाज थांबला. पुढचे शब्द शिंपिणीनं मला नंतर सांगितले: ती उठून म्हणाली, साहेब, हे नाही म्हणाले. तो म्हणाला, तोंडानं सांगा. ती म्हणाली, तोंडानं नाही सांगत ते, असं सांगतात. खाणवाल्यांचा माणूस ओरडायला लागला, मागच्या वेळी हेच लोक आत होते, ती मुलगी फितवते. तेवढ्यात बुटांचा आवाज बाहेर आला. अधिकारी.

तो आमच्या मागे येऊन उभा राहिला. ऊन मागून होतं, त्याची सावली माझ्या आणि आत्याच्या मध्ये पडली. आणि ताई, आता त्यानं एवढंच करायचं होतं, बसायचं होतं. आत्याशेजारी मातीत टेकून जरा वेळ गप्प राहिला असता, तर सगळ्यांना उठून आत जावं लागलं असतं. आणि यातलं मला त्याला काही सांगायचं नव्हतं, कळू द्यायचं नव्हतं, आणि माझी तर पाठ होती.

सावली वाकली. अर्धी वाकली. गुडघ्यावर हात ठेवल्यासारखी झाली. आत्याचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

मग सावली सरळ झाली. तो म्हणाला, "नोंद घेतो." आणि बूट परत आत गेले.

त्यानं संमती नाही असं लिहिलं. खाणवाल्यांना आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल किंवा दुसरीकडे जावं लागेल. येतील परत कधीतरी, ते येतातच. पण आत्ता नाही, आणि पुढच्या वेळी त्यांच्या खोलीत माझ्यासारखी शहाणी नसेल.

तो का बसला नाही यावर इथं दोन गट पडलेत. पोस्टमनचं म्हणणं, इस्त्री. एवढी कडक पँट घालून कोण मातीत बसेल. शिंपीण म्हणते, त्याची आजी नदीपलीकडची, आमच्यातलीच, त्याला सगळं माहीत होतं. म्हणून वाकला आणि म्हणूनच सरळ झाला. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "बसला नाही ना? मग झालं तर. त्याला कशाला छळता?"

संध्याकाळी सगळे सभाघरात त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून चहा प्यायले. खाणवाले खुर्च्या न्यायला विसरले. आत्या एकीवर बसून म्हणाली, ही बरी आहे, गुडघ्यांना. आईसाठी एक पाठवते म्हणाली. मी कशीबशी नको म्हटलं. तोंडानं म्हटलं, मग ती रुसली.

कित्येक दिवसांनी मला भूक लागलीय.


१७ मार्च, गावातला बसथांबा

पोस्टमननं कळवलं. आधी मला वाचून दाखवलं, मग पाकीट बंद केलं. "आयुष्यभर लोकांच्या वाईट बातम्या पोचवल्या," म्हणाला, "लिहिली मात्र ही पहिलीच." त्याच्या हातात माझी तुला लिहिलेली आधीची पत्रंही असायची हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. त्यानं एकही उघडलं नसणार. मी असते तर उघडलं असतं.

तर मला परत पाठवतायत. जाकीट काढून घेतलं, चेन शिंपिणीनं नवीन लावली होती तीही गेली त्याच्याबरोबर. आधी मुख्य कार्यालयात जाऊन जाब द्यायचाय, ते आठवडा-दोन आठवडे बसवून ठेवतील. मग घरी. तोवर हे पत्र तुझे तीन मजले चढलेलं असेल.

आता तुझं 'हं' ऐकायला मी तयार आहे. सोड, मनापासून सोड. महिन्यात आले नाही, पण अर्धवट टाकून आले हे खरंच आहे. फक्त जे अर्धवट होतं ते माझं होतं, त्यांचं पुरं झालं. मला एवढं हलकं वाटतंय की बॅग उचलताना दोनदा बघितलं, काही राहिलं का म्हणून.

ताई, मी गेले ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. तू पण म्हणू नकोस की तुझं रागावणं चूक होतं. आईच्या गुडघ्यांचं काय ते आपण बोलू, कोण किती दिवस, कसं, सगळं. पण आधी नाही. आधी तू एक कर. मी येईन त्या दिवशी जिन्यात ये. त्याच पायरीवर बस, दाराकडे पाठ करून, वाटेत, जशी होतीस तशी. मी खालून येईन. बॅग खालीच ठेवीन. काही समजावणार नाही, तुझा हात ओढणार नाही. नुसती शेजारी बसेन, गप्प, आणि तुला पाहिजे तेवढा वेळ बसेन. मला येतं आता.

शेजारचे काका वर जायला आले तर त्यांना तू सांग काय ते. मी बोलणार नाहीये.

बस आली. पोस्टमन हात पुढे करून उभा आहे, पत्रासाठी, आणि ड्रायव्हर त्याच्याकडे बघून हॉर्न वाजवतोय. त्या पायरीवर दोन माणसं मावतात का हे मी कधी बघितलंच नाही. मावली पाहिजेत. तू फक्त जरा भिंतीकडे सरक.

उठले मी.